सहा जण, एक फोटोंचा अल्बम आणि सोळा वर्षं : क्रिमिनॉलॉजी शिकायला घेताना आधी ही केस वाचा

क्रिमिनॉलॉजीचा, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचा, पहिला पेपर शिकवताना मला दर वर्षी एकच अडचण येते. मुलं थिअऱ्या पाठ करतात, बेकारिया झाला, लोम्ब्रोझो झाला, मर्टन झाला, बेकर झाला, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात, कारण ही नावं कुठल्याच माणसाला चिकटलेली नसतात. म्हणून गेली काही वर्षं मी पहिल्याच आठवड्यात एक केस घेते, नाशिक जिल्ह्यातली, जून २००३ ची, जिचा शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ ला दिला. ती इथे सविस्तर लिहितेय. नावं मुद्दाम घेत नाहीये, ना ज्यांचं घर उद्ध्वस्त झालं त्यांची ना ज्यांना अडकवलं गेलं त्यांची, कारण दोघांनीही पुरेसं भोगलंय.

आधी काय घडलं ते. शेतात झोपडी बांधून राहणारं एक कुटुंब. रात्री दरोडा पडला, पैसे-दागिने गेले, पण तेवढ्यावर थांबलं नाही, घरातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला, आणि दोघं जबर जखमी होऊनही वाचले, त्यातली एक बाई. हे दोघंच घटनेचे साक्षीदार. अशी घटना घडली की जिल्ह्यात काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पेपरात रोज बातमी, वरून फोन, लोक विचारतात आरोपी कधी पकडणार, आणि तपास करणाऱ्यांवर एवढं प्रेशर येतं की 'कोण' या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळणं हे 'खरं कोण' यापेक्षा महत्त्वाचं होऊन बसतं.

पुढे सहा जण अटक झाले. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, अतिशय गरीब. २००६ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. मग आरोपी सुप्रीम कोर्टात गेले आणि सरकारही गेलं, सरकारचं म्हणणं की उरलेल्या तिघांनाही फाशीच हवी. एप्रिल २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं, सहाही जणांना फाशी. म्हणजे देशातल्या सर्वोच्च कोर्टाचा शिक्का बसला. पुढे २०१२ मध्ये कळलं की या सहातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही असा मुलगा इतकी वर्षं फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन होता आणि हे ना खालच्या कोर्टात कुणाच्या लक्षात आलं ना वरच्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला, अपिलं नव्याने ऐकायला घेतली, आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष. शिक्षा कमी झाली असं नाही, निर्दोष. सोळा वर्षांनी. प्रत्येकाला पाच लाख रुपये राज्य सरकारने द्यायचे असाही आदेश झाला.

वर्गात इथपर्यंत सांगितलं की शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतंच, मॅडम, मग खरे कोण होते?

अल्बम

याचं उत्तर फाईलमध्येच एका कोपऱ्यात पडून होतं. घटनेनंतर अगदी थोड्याच दिवसांत त्या वाचलेल्या बाईला पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातले चार फोटो ओळखले, हेच होते म्हणून. ते चौघं या सहा जणांपैकी कुणीच नव्हते. आणि त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. नंतर तीच बाई कोर्टात या सहा जणांना ओळखते आणि त्या ओळखीवर फाशी होते.

इथे मला थांबून थोडं बोलायचंय, कारण मुलं लगेच म्हणतात की बाई खोटं बोलली. नाही. हा माणसाच्या आठवणीचा प्रश्न आहे, आणि त्यावर भरपूर काम झालंय. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस आणि तिच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये एक साधा प्रयोग केला, लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि मग विचारलं की गाड्या किती स्पीडने होत्या. फरक एवढाच की काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा, आणि काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा. एका क्रियापदाने लोकांनी सांगितलेला स्पीड बदलला. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांना गाड्या जास्त जोरात आठवल्या. म्हणजे आठवण ही कपाटात ठेवलेल्या साडीसारखी नसते की कधीही काढा, तीच घडी सापडेल. ती प्रत्येक वेळी नव्याने घडी घातली जाते, आणि घडी घालायला समोरच्याचा हात लागतो. आता विचार करा, अर्धमेली झालेली बाई, रात्रीच्या वेळी, जीवाच्या भीतीत पाहिलेले चेहरे, मग अल्बम, मग काही काळाने पोलिसांनी पकडलेली माणसं, मग ओळख परेड, मग कोर्टाचा पिंजरा. प्रत्येक टप्प्यावर समोर उभा असलेला चेहरा आदल्या चेहऱ्याच्या जागी बसायला तयार असतो. ती खरंच बोलत असणार, तिला जे खरं वाटत होतं तेच. मला तर वाटतं त्या बाईवरही दुसऱ्यांदा अन्याय झाला, कारण तिने सुरुवातीलाच जे सांगितलं होतं ते कुणी धसाला लावलं नाही. व्हिक्टिमॉलॉजीच्या, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या अभ्यासाच्या, प्रकरणात ज्याला दुय्यम पीडन म्हणतात ते हे, गुन्ह्याने एकदा आणि यंत्रणेने पुन्हा.

आणि अजून एक, जे मी आधी नीट पाहिलं नव्हतं, एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं. तो म्हणाला, मॅडम, पण तो अल्बम पण कुणी बनवला? अल्बममध्ये कुणाचे फोटो असतात? जे आधी पकडले गेले त्यांचे. म्हणजे ते चौघं पण दोषीच होते असं आपण धरून चालायचं का? बरोबर आहे त्याचं. अल्बम म्हणजे पोलिसांनी ज्यांना आधीच बाजूला काढलंय त्यांचा संच. कोर्टानेही त्या चौघांना दोषी ठरवलं नाही, त्यांच्या बाबतीत पुढचा तपास करा एवढंच सांगितलं. सोळा वर्षांनी.

माणूस की कृत्य

आता थिअरीकडे येते, पण पुस्तकाच्या क्रमाने नाही.

गुन्ह्याबद्दल विचार करायच्या दोन जुन्या रीती आहेत आणि सगळं क्रिमिनॉलॉजी या दोघांच्या भांडणातून पुढे गेलंय. पहिली चेझारे बेकारियाची. इटलीतला हा माणूस, १७६४ मध्ये त्याने गुन्हा आणि शिक्षा यावर छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा युरोपात छळ करून कबुली घेणं सर्रास चालायचं आणि न्यायाधीशाच्या मर्जीवर शिक्षा ठरायची. तो म्हणाला, माणूस कोण आहे ते बघू नका, त्याने काय केलं ते बघा, शिक्षा कृत्याच्या मापात द्या, आधीच लिहून ठेवलेली द्या, लवकर द्या आणि नक्की द्या. क्रूर शिक्षेने धाक बसत नाही, नक्की मिळणाऱ्या शिक्षेने बसतो. फाशीच्या तो विरोधात होता. याला क्लासिकल स्कूल म्हणतात.

दुसरी रीत लोम्ब्रोझोची. हाही इटलीतलाच, डॉक्टर, कैद्यांच्या कवट्या आणि चेहरे मोजायचा. १८७६ मध्ये त्याने मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, उत्क्रांतीत मागे राहिलेली, आणि ते त्यांच्या अंगावर दिसतं, जबडा, कान, कपाळ. शास्त्र म्हणून हे कधीच टिकलं नाही. पण त्याने प्रश्न फिरवला, कृत्यावरून माणसाकडे. पॉझिटिव्हिस्ट स्कूल म्हणतात ते इथून सुरू होतं, आणि त्यातून चांगलंही निघालं, म्हणजे गुन्ह्यामागची कारणं शोधणं, सुधारणा, प्रोबेशन वगैरे. वाईट काय निघालं ते पुढे येतंच.

आता आपली केस या दोन चष्म्यांतून बघा, कारण मला या केसमध्ये जे सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच आहे. तपासाच्या पातळीवर फक्त माणूस बघितला गेला, त्याचं कृत्य सिद्ध करणारा पुरावा नीट बघितला गेला नाही. आणि शिक्षेच्या पातळीवर बरोबर उलटं झालं, फक्त कृत्य बघितलं गेलं, माणूस बघितलाच नाही. २००९ च्या निकालात कोर्टाने १९९६ च्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला होता, ज्यात म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप महत्त्वाचं, गुन्हेगार नाही. खरं तर १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात घटनापीठाने आधीच सांगून ठेवलं होतं की फाशी देताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघायचे. आणि गंमत नाही, दुःख आहे, आपल्या सहा जणांना फाशी सुनावल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत, मे २००९ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की तो १९९६ चा निकाल बच्चन सिंगच्या विरोधात जाणारा आहे, त्यावर विसंबायला नको होतं. पण तोपर्यंत हे सहा जण फाशी यार्डात. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की त्या चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशी रद्द करा, त्यात या सहा जणांचाही विषय होता.

माणूस बघितला असता तर निदान एकाचं वय दिसलं असतं. एवढी साधी गोष्ट. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, कुणीतरी विचारायला हवं होतं. पण पालात जन्मलेल्या मुलाची नोंद कुठे असते, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी कागद शोधायला वेळ असलेला वकील कुठून येतो. भटक्यांसोबत काम करणारा कुणीही कार्यकर्ता पहिली तक्रार हीच सांगेल, कागदाची.

शिक्का कुठून आला

२०१९ च्या निकालात कोर्टाने एक गोष्ट स्पष्ट लिहिलीये, की हे आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले, गरीब मजूर आहेत आणि म्हणून त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, गंभीर गुन्ह्यांत असे निरपराध लोक ओढले जाण्याचे प्रकार होतात. सुप्रीम कोर्टाने हे लिहावं याला महत्त्व आहे. यापुढचं जे आहे ते माझं वाचन, कोर्टाचं नाही.

१८७१ मध्ये इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स अ‍ॅक्ट आणला. तारीख लक्षात घ्या, लोम्ब्रोझोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी. तो कवट्या मोजून जे म्हणणार होता ते इथे कायदा बनून बसलं होतं, फक्त इथे कपाळाऐवजी जात होती. इंग्रजांचा तर्क असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा चोर. जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोटिफाय करायच्या, आणि त्या नोटिफिकेशनला कोर्टात आव्हान देता येणार नाही. सुरुवातीला हा उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला, त्यात बोटांचे ठसे घेणं आलं, १९२४ मध्ये पुन्हा नवा कायदा. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची, आणि सरकारला वाटलं तर सेटलमेंटमध्ये जाऊन राहायचं. मुलांना आईबापापासून वेगळं काढून ठेवायचीही कायद्यात सोय होती.

सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, आणि तिथल्या माणसांना शहरातल्या गिरण्यांमध्ये कामाला पाठवायचे. आजही सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे पत्त्यात लिहिलं जातं. मी लहान असताना आमच्या नात्यातल्या एका घरी सोलापूरला जायचे, तेव्हा कुणी नवीन मुलगा खेळायला आला की घरातल्या म्हाताऱ्या बाई विचारायच्या, कुठला रे तू, आणि त्याने सेटलमेंट म्हटलं की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त ओसरीवरचा तांब्या उचलून आत ठेवायच्या. चिडून नाही, शांतपणे, सवयीने, जसं पाऊस आला की वाळवण उचलतात तसं. तो मुलगा ते बघायचा. मीही बघायचे. पुढे बेकर वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तो तांब्या आठवला.

हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये मांडलं की कुठलंही कृत्य आपल्या आपण विचलित (डेव्हियंट, म्हणजे समाजाच्या नियमाबाहेरचं) नसतं, समाज नियम बनवतो आणि मग तो नियम काही ठराविक लोकांना लावतो, आणि ज्याला ते लेबल यशस्वीपणे चिकटतं तो विचलित. त्याला लेबलिंग थिअरी म्हणतात. त्याच्या आधी एडविन लेमर्टने दोन पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली, माणसाच्या हातून काहीतरी घडतं, कारणं हजार. दुसरी, समाजाची प्रतिक्रिया येते आणि माणूस त्या प्रतिक्रियेभोवती आपलं सगळं आयुष्य रचायला लागतो, काम मिळत नाही, घर मिळत नाही, लोक तांब्या आत ठेवतात, मग ज्या लोकांनाही कुणी दारात उभं करत नाही त्यांच्यातच राहावं लागतं. आपल्याकडच्या विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून पुढे मुक्त झालेल्या जमातींच्या, बाबतीत लेमर्टमध्येही एक दुरुस्ती करावी लागेल असं मला वाटतं, कारण इथे पहिली पायरी लागतच नाही. जन्माला आलं की डायरेक्ट दुसरी.

आणि हा शिक्का फक्त पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये नाही, आपल्या भाषेत आहे. उद्याचा पेपर उघडा, 'भामट्याने वृद्धेला गंडवलं' अशी बातमी सापडेल. भामटा हे जमातीचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा आहे, भामटा आहे. ज्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द आहे तो ती बातमी कशी वाचत असेल? मी स्वतः हा शब्द तिशीपर्यंत बिनदिक्कत वापरत होते. 'उचल्या' तसाच. 'पेंढारी' तसाच. आपण बोलताना कायदा चालवत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

लेबल कोण लावतो यावर सगळं ठरतं याचं अजून जवळचं उदाहरण म्हणजे उमाजी नाईक. रामोशी समाज, पुरंदरच्या भागातला, इंग्रजांच्या कागदांत दरोडेखोर, १८३२ मध्ये पुण्यात फाशी. आज त्याच माणसाची सरकारी जयंती होते, आद्यक्रांतिवीर म्हणून. कृत्यं तीच, शिक्का मारणारा हात बदलला. आणि रामोशी हे मुळात गावाची राखण करणारे लोक, पुढे तेच विमुक्तांच्या यादीत. बंजाऱ्यांचंही असंच, बैलांच्या तांड्यांवरून धान्य-मीठ देशभर नेणारे, रेल्वे आली, धंदा बसला, आणि फिरता माणूस म्हणजे संशयित असं ठरलं.

हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट विमुक्त दिन. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. पण जागा रिकामी राहिली नाही, सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा मुंबईचा कायदा. वरकरणी हा जमातीवर नाही, व्यक्तीवर आहे, आणि कागदावर हा खूप मोठा फरक आहे हे मी मान्य करते. पण ठाण्यात जुनी रजिस्टरं बदलतात, नजर त्याच वेगाने बदलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सुप्रीम कोर्टाला तुरुंगांच्या मॅन्युअलमधल्या जातीवरून कामं वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांना मार्गदर्शक सूचना पाळायला सांगावं लागलं. २०२४ मध्ये.

झोपडी शेतातच का

आता एका वेगळ्या बाजूने. वर्गात बहुतेक वेळा सगळी चर्चा आरोपींवरच अडकते आणि ज्यांचा खून झाला ते मागे पडतात. मला ते बरोबर वाटत नाही.

१९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन यांनी रूटीन अ‍ॅक्टिव्हिटी थिअरी मांडली. त्यांचं म्हणणं, गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात, करायला तयार असलेला माणूस, सोपं लक्ष्य, आणि राखण करणारं कुणी नसणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली तरी घरफोड्या का वाढल्या हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर असं की घरातली माणसं दिवसा बाहेर कामाला जायला लागली आणि टीव्हीसारख्या वस्तू उचलून नेता येतील इतक्या हलक्या झाल्या. वाईट माणसं वाढली म्हणून नाही. या थिअरीत गुन्हेगाराच्या मनात डोकावायची गरजच पडत नाही.

ही नजर लावली की शेतातली झोपडी दिसायला लागते. वस्तीपासून लांब, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही, आणि असं राहणारे लोक काही हौसेने राहत नाहीत, बागेची-पिकाची राखण करायला राहतात. दुसऱ्याच्या पिकाला राखण आहे, राखण करणाऱ्याला नाही. म्हणजे या केसमध्ये मारले गेलेले आणि अडकवले गेलेले, दोघांचीही घरं अशीच, कुडाची नाहीतर पालाची. आपण केस वाचताना त्यांना समोरासमोर उभं करतो, एक बाजू फिर्यादीची, एक आरोपीची. खरं तर दोघंही एकाच बाजूला उभे आहेत.

मर्टनबद्दल दोनच वाक्यं. त्याने १९३८ मध्ये स्ट्रेन थिअरी मांडली, समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि ते गाठायचे सरळ रस्ते मोजक्यांनाच देतो, मग काही जण आडवाटेने जातात. चांगली थिअरी आहे पण विद्यार्थी ती फार पटकन 'गरीब म्हणून चोरी करतो' इथे नेऊन ठेवतात, आणि नेमका हाच विचार तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात असला की पुढचं सगळं घडतं. म्हणून मर्टननंतर लगेच मी सदरलँड शिकवते, ज्याने पुढच्याच वर्षी व्हाइट कॉलर क्राइम हा शब्द आणला आणि विचारलं की जर गरिबी हेच कारण असेल तर कंपन्यांच्या ऑफिसात बसून होणाऱ्या गुन्ह्यांचं काय.

पट्टा आणि अडथळे

शेवटची थिअरी हर्बर्ट पॅकरची, १९६४ ची, आणि मला वाटतं या केसला सगळ्यात घट्ट बसणारी. तो म्हणतो न्यायव्यवस्था दोन प्रकारे चालवता येते. एक म्हणजे कारखान्याच्या पट्ट्यासारखी, एका टोकाला अटक, दुसऱ्या टोकाला शिक्षा, मध्ये माल अडकता कामा नये, आणि पोलिसांनी पकडलाय म्हणजे बहुतेक दोषीच असणार हे धरून चालायचं. दुसरी म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीसारखी, प्रत्येक टप्प्यावर सरकारला सिद्ध करायला लावायचं, कारण माणसं चुकतात आणि सरकारकडे ताकद जास्त असते.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात दुसरी आहे. प्रत्यक्षात ती कुणासाठी चालते हे वकील किती चांगला आहे यावर ठरतं. ज्याच्याकडे चांगला वकील आहे त्याच्या केसमध्ये जामीन, डिस्चार्ज (खटला सुरू होण्याआधीच आरोपातून सुटका), उलटतपासणी, सगळे अडथळे सरकारपुढे उभे राहतात. या सहा जणांच्या बाबतीत पट्टा सुरळीत चालला, तीन कोर्टं ओलांडून गेला. अल्बमची गोष्ट हा एक अडथळा होता. वय हा एक अडथळा होता. दोन्ही जागेवर होते, पण कुणी ते उभेच केले नाहीत.

मुलं मला विचारतात की मग सिस्टीमनेच सोडलं ना शेवटी, म्हणजे सिस्टीम चालते. मी याच्याशी अर्धी सहमत आहे. आपलाच निकाल मागे घेणं हे सोपं नाही, त्या न्यायाधीशांनी ते केलं, चूक स्पष्ट शब्दांत लिहिली, नुकसानभरपाई दिली, तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाईचं बघा असंही सरकारला सांगितलं. पण फाशी झाली असती तर? या सहा जणांच्या आणि दोराच्या मध्ये २००९ ते २०१८ एवढी वर्षं फक्त अर्ज होते. आणि सुटले म्हणजे काय झालं? अल्पवयीन असताना आत गेलेला मुलगा तरुणपणाची वर्षं गमावून बाहेर आला. पाच लाखाला सोळा वर्षांनी भागा, महिन्याला अडीच-पावणेतीन हजार रुपये येतात. मी हा भागाकार वर्गात फळ्यावर करून दाखवते, एकदा एका मुलीने उठून तो पुसला, म्हणाली बघवत नाही.

परीक्षेसाठी विचाराल तर या केसवर कुठलाही प्रश्न येवो, एकच थिअरी लावून उत्तर लिहू नका. लेबलिंगने तुम्हाला सहा जणांची अटक कळेल पण झोपडीतला खून कळणार नाही. रूटीन अ‍ॅक्टिव्हिटीने झोपडी कळेल पण अटक कळणार नाही. बेकारियाने निकालातली चूक पूर्ण कळणार नाही कारण कृत्यावर बोट ठेवणारं कोर्टच इथे चुकलं, आणि लोम्ब्रोझोला तर या केसमध्ये पुरावा म्हणून नाही, आरोपी म्हणूनच उभं करावं लागेल. आणि निकालपत्र मूळ वाचा, नेटवर मिळतं, जड इंग्रजीत आहे पण अल्बमचा भाग शोधून वाचा. जून २००३ मध्ये एका बाईने चार फोटोंवर बोट ठेवलं होतं, आणि त्या चौघांचा तपास करा असं लिहिलेलं पान मार्च २०१९ चं आहे.